उन्हाचा आकडा

लाँड्रीच्या काउंटरवर एक बाई पावतीचा नंबर मोठ्याने वाचत होती. "चार, शून्य, सात. परत सांगते... चार, शून्य, सात."

मी तिच्या मागे दोन शर्ट घेऊन उभा होतो. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "चारशे सात. बरोबर."

ती वळली. डोळे बारीक करून तिने माझ्याकडे पाहिलं, उन्हात बघताना माणूस करतो तसे. आकडा ऐकला की तो परत म्हणायचा आणि समोरच्याने 'बरोबर' म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही सवय फक्त आमच्या कामातल्या लोकांना असते. आणि तो आवाज मी सहा महिने रोज सकाळी नऊ वाजता फोनवर ऐकत होतो.

"कंट्रोल?" तिने विचारलं.

"अंदाज?" मी विचारलं.

"आणि मी इस्त्री," लाँड्रीवाला म्हणाला. "झाली ओळख? आता बाजूला व्हा, मागे लोक आहेत."

ती जाऊन आता चौदा महिने झाले. आमची गाठ कशी पडली हे लोक विचारतात, तेव्हा मी लाँड्रीचं सांगतो आणि थांबतो. पुढचं सांगायला थोडं कामाबद्दल सांगावं लागतं.

मी विजेच्या कंट्रोल रूममध्ये होतो. वीज जेवढी वापरली जाते तेवढीच त्याच क्षणी तयार व्हावी लागते. साठवून ठेवायची सोय आमच्याकडे तेव्हा नव्हती. भिंतीवर विजेच्या फ्रिक्वेन्सीचा एक आकडा असायचा, तो पन्नासच्या आसपास ठेवायचा, एवढंच आमचं काम. वीज कमी पडली की तो खाली यायचा, जास्त झाली की वर जायचा. फार खाली गेला तर एकामागून एक शहरं बंद पडतात. पूर्वी सगळे कोळशाचे प्लांट होते. फोन करून सांगितलं की ते वीज वाढवायचे किंवा कमी करायचे. मग उन्हावरचे अकरा प्लांट आले. उन्हाला हुकूम देता येत नाही, विचारावं लागतं. ते विचारायचं काम तिचं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून ती ढगांचे फोटो बघायची आणि अकरा प्लांट मिळून आज दुपारी किती वीज देतील ते मला सांगायची. आम्ही एकमेकांना नावाने हाक मारत नव्हतो. मी 'कंट्रोल', ती 'अंदाज'.

आणि मी तिच्यावर विश्वास ठेवत नव्हतो.

हे मला माझ्या सीनियरने शिकवलं होतं. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते की उन्हाचा आकडा येईल त्यातून दहावा हिस्सा कापायचा आणि उरलेला धरून चालायचं. याला आमच्याकडे कात्री म्हणत. कात्री कुठल्याही रजिस्टरमध्ये लिहिलेली नव्हती, पण तीन शिफ्टमधला प्रत्येक माणूस ती लावायचा. आणि ती बरोबर बसायची. तिने सहाशे साठ मेगावॅट सांगितले तर दुपारी सहाशेच्या आतबाहेर यायचे. मी माझ्या वहीत रोज दोन्ही आकडे लिहून ठेवत होतो. सहा महिन्यांत ती जवळजवळ रोज चुकली होती आणि रोज एकाच बाजूला चुकली होती. ढग असे एका बाजूने चुकत नाहीत. म्हणजे बाई आकडा फुगवून सांगत होती. इतक्या साध्या, सरळ आवाजात.

त्यामुळे लाँड्रीत ती भेटली तेव्हा मला आनंद झाला, आणि लगेच संशयही आला. तिची खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि कपडे धुवायला टाकणार माझ्या गल्लीत?

मी विचारलंच. ती म्हणाली, मावशी इथे राहते, दर रविवारी मी तिच्याकडे येते. उत्तर देण्याआधी तिने वर बघितलं. वर लाँड्रीचं छत होतं, कळकट पंखा होता. पुढे मला कळलं की कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देण्याआधी ती वर बघते. पण त्या दिवशी मला वाटलं, बाई बनवतेय.

ती गेल्यावर मी लाँड्रीवाल्याला विचारलं, या बाईंची मावशी खरंच इथे राहते का. तो म्हणाला, "राहते ना. दर आठवड्याला चार चादरी देते आणि आठ तक्रारी."

संशयाला कारण होतं. दुपारी ऊन फार वाढलं आणि वापर कमी झाला की आम्हाला एखाद्या प्लांटला वीज कमी करायला सांगावं लागायचं. ते कोणालाच आवडत नाही. म्हणून प्लांटची माणसं कंट्रोलमधल्या लोकांशी गोड बोलून असायची. कोणी मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायचं, कोणी नुसतीच तब्येतीची चौकशी करायचं. मास्तर म्हणायचे, फोनवर कोणी आपली तब्येत विचारली की समजायचं, त्याच्या प्लांटची तब्येत बरी नाही.

पुढच्या रविवारी मी धुवायला एक टॉवेल घेऊन गेलो. टॉवेल स्वच्छच होता. ती तिथे होती. लाँड्रीसमोर चहाचं दुकान होतं, बाहेर एक बाक होतं. त्या बाकावर आम्ही बसलो आणि पहिला प्रश्न तिनेच केला. गेल्या महिन्यात तीन वेळा आमच्याच प्लांटना कमी का करायला लावलं? मी म्हटलं, पाळी असते, यादी असते. तिने वर बघितलं. मग म्हणाली, "यादी दाखवाल?"

"तुम्ही ढगांचे फोटो दाखवाल?"

"दाखवीन की. या तिसऱ्या मजल्यावर."

"लिफ्ट आहे?"

"आहे. कंट्रोलने वीज चालू ठेवली तर."

मी हसलो. तीही हसली, पण अर्धंच. नंतर तिने सांगितलं की त्या दिवशी तिला वाटत होतं, हा माणूस गोड बोलून तक्रार दाबायला आलाय. तिच्या ऑफिसमध्येही कोणीतरी मास्तर होताच, आणि त्यानेही तिला कंट्रोलच्या लोकांबद्दल शिकवून ठेवलं होतं.

असे पाच-सहा रविवार गेले. माझ्याकडे धुवायला काही उरलं नाही, तेव्हा मी पडदे काढून नेले. मावशींशी ओळख झाली. त्यांनी मला खुर्चीत बसवून पगार सोडून सगळं विचारलं आणि शेवटी भाचीला माझ्यासमोरच म्हणाल्या, "शिफ्टमधली माणसं. घरी असतील तेव्हा झोपलेली, जागी असतील तेव्हा घरी नाहीत. बघ बाई."

ती म्हणाली, "मी कुठे काय बघतेय."

पण सकाळच्या फोनमध्ये फरक पडला होता. आमच्या लाइनवरचं प्रत्येक बोलणं रेकॉर्ड व्हायचं, त्यामुळे जास्त काही बोलता यायचं नाही. ती सांगायची, "पाचशे ऐंशी. परत सांगते, पाचशे ऐंशी. घसा बसलाय तुमचा." मी म्हणायचो, "बरोबर." एवढंच. फोन ठेवल्यावर मी पाचशे ऐंशीतून अठ्ठावन्न कापायचो.

ते कापताना आता मला बरं वाटत नव्हतं. हीच बाई रविवारी मला आपल्या चहातला अर्धा ओतून देते, बाकावर ऊन आलं की सावलीची बाजू मला देते. आणि सकाळी नऊ वाजता खोटं सांगते. यातलं खरं कुठलं? मला ती आवडत होती... फार आवडत होती. आणि रोज माझी वही सांगत होती की तिचं काही खरं नाही. तिला माझी गरज आहे की माझ्या खुर्चीची, हे मला कळत नव्हतं. एका रविवारी मी विचारलं, तुमचा आकडा खरा असतो का. तिने वर बघितलं, फार वेळ. मग तिनेच विचारलं, "तुम्ही तो खरा धरता का?"

चहावाल्याने ग्लास उचलले.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी कोळशाच्या एका प्लांटचा बॉयलर गळायला लागला आणि तो बंद करावा लागला. हिशोब अगदी काठावर आला. दुपारी उन्हाचे पाचशे ऐंशी मेगावॅट मिळाले तर कोणाची वीज बंद करायची गरज नव्हती. त्याच्या खाली आले तर कुठेतरी कापावी लागणार होती. नऊ वाजता तिचा फोन आला. तिने आकडा सांगायच्या आधी मी म्हणालो, "आज खरा सांगा."

लाइनवर थोडा वेळ काहीच आवाज नव्हता.

"सहाशे," ती म्हणाली. "परत सांगते, सहाशे. खरा."

"बरोबर," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि मी वही उघडली. आदल्या दिवशी असंच आकाश होतं. तेव्हा तिने साडेसहाशे सांगितले होते आणि प्रत्यक्षात पाचशे ऐंशीच्या थोडे वर आले होते. आठ महिन्यांची पानं माझ्यासमोर होती, आणि तिचा एक शब्द. मी सहाशेतून साठ कापले. पाचशे चाळीस धरले. चाळीस कमी पडत होते, म्हणून मी कारखान्यांच्या भागाची वीज साडेदहापासून दोनपर्यंत बंद करायला सांगितली.

बारा वाजता उन्हाचे सहाशे आले.

भिंतीवरचा आकडा पन्नासच्या वर सरकायला लागला. वीज जास्त झाली होती. कोणीही शहाणा माणूस कारखान्यांची वीज लगेच चालू करेल. मी केली नाही. मला वाटलं, हे क्षणभराचं आहे, आता ढग येतील, आता पडेल. मी आकड्याकडे बघत राहिलो. तो पडला नाही. शेवटी मी तिला फोन लावला आणि साठ मेगावॅट कमी करायला सांगितलं. म्हणजे एका हाताने मी लोकांची वीज बंद ठेवली होती आणि दुसऱ्या हाताने ऊन परत पाठवत होतो.

"साठ?" ती म्हणाली. "नेमके साठ?"

मी भिंतीवरच्या आकड्याकडे बघत होतो.

"म्हणजे दहावा हिस्सा," ती म्हणाली. मग तिचा आवाज नेहमीसारखा झाला, नऊ वाजताचा. "साठ कमी. परत सांगते, साठ कमी."

मला 'बरोबर' म्हणायचं होतं. मी फोन ठेवला. पाऊण तासाने ढग आले नाहीत हे मान्य केलं आणि कारखाने चालू केले.

तोवर कापड रंगवायच्या एका कारखान्यात रंगाच्या हौदात अडकलेलं सगळं कापड वाया गेलं होतं. त्याच्या मालकाने तक्रार केली आणि आठवड्याच्या आत चौकशी लागली. चौकशीचा रोख पहिल्या दिवसापासून तिच्याकडे होता. नियम साफ होता: ज्याचा अंदाज वारंवार चुकतो त्याला त्या कामावर ठेवायचं नाही. आणि आठ महिन्यांचे आकडे काढले तर ती रोज चुकलेली. एक दिवस सोडून. तो एक दिवस बरोबर होता, पण तो कोण बघतो?

मास्तर मला जिन्यात गाठून म्हणाले की गप्प बसायचं. कात्री कुठेही लिहिलेली नाही. जे लिहिलेलं नाही ते झालेलं नाही. बोललास तर तू एकटा नाही, तीन शिफ्ट जातील. त्यांचं वय झालं होतं, रिटायर व्हायला दोन वर्षं होती. मी मान हलवली.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. मधे मुख्य इंजिनिअर बसल्या होत्या, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. रंगवाल्या मालकाने ते कापड आणून टेबलावर पसरलं होतं. निळ्यावर पांढरे डाग, लहान-मोठे, ढगांसारखे. ती समोरच्या बाजूला बसली होती. तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

मग रेकॉर्ड केलेले फोन लावले. एकामागून एक, तीन महिन्यांतले. माझाच आवाज, तिचाच आवाज. आकडा, परत आकडा, बरोबर. "घसा बसलाय तुमचा." "काल जेवलात का?" "पडदे वाळले?" कोणीतरी खोकलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं की पडद्यांचा आणि वीजपुरवठ्याचा संबंध कोणी समजावून सांगेल का. ती वर बघत होती, छताकडे.

शेवटी बुधवारचा फोन लागला. "आज खरा सांगा." मग ती शांतता. त्या खोलीत ती फारच मोठी वाटली. "सहाशे. परत सांगते, सहाशे. खरा."

मोठ्या बाईंनी मशीन थांबवायला लावलं आणि तिला विचारलं, "खरा म्हणजे? मग रोजचा कसा असतो?"

खालचा ओठ तिने दातात धरला होता. फुगवलेला म्हटलं तर नोकरी जाणार, खरा म्हटलं तर खोटी ठरणार. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला अजूनही, त्या क्षणीसुद्धा, संशय होता. आपण आता बोललो आणि खुर्ची गेली, तर ही बाई रविवारी लाँड्रीत येईल का? मला खात्री नव्हती. खरंच नव्हती. पण बुधवारी तिने खरं सांगितलं होतं आणि मी ते कापलं होतं, याची मात्र खात्री होती.

मी उभा राहिलो. म्हटलं, त्यांचा आकडा बरोबर होता. त्यातून साठ मी कापले. आम्ही रोज कापतो, दहावा हिस्सा, विचारून किंवा लिहून नाही. वहीही मी टेबलावर ठेवली. मास्तरांकडे बघायची हिंमत झाली नाही.

मग ती बोलली. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कंट्रोल कापतं हे आम्हाला पहिल्या महिन्यात कळलं. कापून जे उरेल ते खरं असावं म्हणून मी वाढवून सांगत होते. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच विचारलं... म्हणून सांगितलं."

मोठ्या बाई बराच वेळ आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "म्हणजे आठ महिने तुम्ही दोघं खोटं बोलत होतात," त्या म्हणाल्या, "आणि वीज व्यवस्थित चालू होती. एक दिवस एकजण खरं बोललं आणि कापड गेलं."

रंगवाला म्हणाला, "कापड माझं गेलं." ते बरोबरच होतं.

तिला ताकीद मिळाली. कंट्रोलमध्ये जे कापाल ते कारणासकट लिहायचं आणि अंदाजवाल्यांना कळवायचं, असा नवा नियम निघाला. मास्तरांना काही झालं नाही, पण ते पुढे माझ्याशी बोलले नाहीत. आणि मला कंट्रोलमधून काढून मीटर तपासायच्या विभागात पाठवलं. दुसऱ्या मजल्यावरची लांब खोली, भिंतीला लावलेले शेकडो मीटर आणि मी. तिथून कोणाचाही प्लांट ना बंद करता येत होता, ना चालू ठेवता येत होता.

दोन रविवार मी लाँड्रीत गेलो नाही. म्हटलं, जे नाही ते बघायला कशाला जायचं.

तिसऱ्या आठवड्यात दुपारी मी एका मीटरचं झाकण उघडून बसलो होतो, तेव्हा दारात पावलं वाजली. ती आत आली, भिंतीवरचे मीटर बघत बघत, प्रदर्शनात आल्यासारखी. स्टूल ओढून बसली. लाँड्रीवाला विचारत होता म्हणाली, पडदेवाले साहेब कुठे गेले.

मी स्क्रू खाली ठेवला. "मी आता तुमच्या काही उपयोगाचा नाही," मी म्हणालो.

"म्हणजे आधी होतात?" ती म्हणाली. "तीन वेळा प्लांट कमी करायला लावलेत माझे. कसला उपयोग?"

खिडकीतून ऊन तिच्या हातावर पडलं होतं, ते ती दुसऱ्या हाताने झाकत होती, उघडत होती. मग म्हणाली, "मलाही एक संशय आहे. त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी बोललात की खरं होतं म्हणून?"

"खरं होतं म्हणून," मी म्हणालो. "तुमच्यासाठी असतं तर... आधीच बोललो असतो."

हे तिला लागेल असं मला वाटलं. पण तिने मान डोलावली, आकडा जुळल्यावर डोलवतात तशी.

"मी मावशीला आपल्याबद्दल सांगितलं," ती म्हणाली. "तिने एकच विचारलं. त्याचा तुझ्यावर विश्वास आहे का? मी म्हटलं, मला माहीत नाही, विचारून येते."

हो म्हणणं सोपं होतं. कोणीही हो म्हटलं असतं. मी म्हणालो, "अजून नाही. पण ठेवायचा आहे."

ती वर बघायला लागली. एक मीटर कुठेतरी बारीक घरघरत होता. मग ती म्हणाली, "मावशीला मी हे असंच सांगणार. शब्द न बदलता."

"सांगा."

"तुम्हीच सांगा. चला."

साडेचार वाजले होते. मी झाकण लावलं, हात पुसले आणि तिच्या मागे जिना उतरलो. मावशींनी माझं उत्तर ऐकून घेतलं, मला दुसऱ्यांदा सांगायला लावलं आणि म्हणाल्या की निदान हा तोंडावर खोटं तरी बोलत नाही. चार महिन्यांनी आमचं लग्न झालं. नऊ वर्षं आम्ही एकत्र होतो.

त्या नऊ वर्षांत ती मला अधूनमधून विचारायची, मग कधी बसला विश्वास? भांडण मिटल्यावर विचारायची, भाजी निवडताना विचारायची, एकदा दवाखान्याच्या बाकावर बसून विचारलं. मी कधी म्हणायचो, अजून बघतोय. कधी म्हणायचो, सांगेन. ती हसायची.

तो त्याच दिवशी बसला होता, जिन्यात. मधल्या वळणावर तिच्या चपलेचा पट्टा सुटला. ती थांबली, मागे न बघता पर्स माझ्याकडे धरली आणि सोडून दिली. मी धरणार की नाही हे तिने पाहिलंही नाही. ती वाकून पट्टा लावत होती आणि मी ती पर्स दोन्ही हातांनी धरून उभा होतो. एवढंच झालं होतं. तिला ते सांगायचं राहून गेलं.